दहा वेळा मरायची नोकरी

नुकादा शिगेझो यांच्याइतका वाईट खेळणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. आणि गंमत म्हणजे त्याच गुणावर त्यांनी आमच्याकडे आठ वर्षं पगार घेतला.

आमचा ओसाकातला कारखाना मूळचा पत्र्याच्या खेळण्यांचा. १९८५ साली मालकांच्या डोक्यात व्हिडिओ गेमचं वारं शिरलं आणि गोदामावरच्या खोलीला 'विकास विभाग तीन' अशी पाटी लागली. एक आणि दोन कुठे होते ते मालकांनाच ठाऊक! कुसुमोतोसाहेब विभागप्रमुख, आणि हाताखाली आम्ही चौघं. मी चित्रं काढायची, म्हणजे दिवसभर चौकटीच्या कागदावर ठिपके भरत बसायची. पहिला खेळ बेडकाचा होता. त्याला आठ तळी ओलांडून चंद्रावर न्यायचं.

खेळ करता करता आम्हीच इतके तरबेज झालो की सगळं सोपं वाटायला लागलं. अजून दोन काटे टाका, अजून एक साप सोडा, असं चाललं होतं. मग साहेबांनी आपल्या बहिणीला खेळायला बसवलं, तर ती पहिल्याच तळ्यात शिव्या देऊन उठली. त्याच दुपारी पुठ्ठ्याची खोकी पोचवायला आलेले नुकादासान सहज बसले आणि बारा सेकंदांत मेले. पुन्हा बसले, पुन्हा मेले. उडीचं बटण हमखास उशिरा दाबायचे आणि वर खो-खो हसायचे.

"हाच माणूस पाहिजे!" साहेब ओरडले. "टेम्पो सोडा आणि उद्यापासून इथे या."

तेव्हापासून विभागाचा कायदा ठरला: नुकादासान दहा मरणांच्या आत पार करतील तेच तळं पास. अकराव्यांदा मेले की आम्ही मुकाट्यानं काटे कमी करायचे. फक्त शेवटचं तळं कायद्यातून सोडलेलं, कारण तिथे गिऱ्हाइकानं झुंजावं ही साहेबांची हौस. नुकादासानना मात्र सक्त ताकीद होती, की घरी कन्सोल ठेवायचा नाही आणि सराव करायचा नाही.

"हात सुधारले तर माझ्या काय कामाचे तुम्ही?" साहेब म्हणायचे.

"काळजी नको साहेब," नुकादासान म्हणायचे, "हे हात सुधारण्यातले नाहीत."

खेळ संपला की चंद्रावर आमची नावं यायची. खरी नावं टाकायला बंदी होती, कारण दुसऱ्या कंपन्या माणसं पळवतील अशी मालकांना धास्ती. म्हणून सगळ्यांची टोपणनावं. मी सव्वीस वर्षांची असून 'तिखट आजी' झाले. नुकादासाननी तीन दिवस डोकं खाजवून 'लोखंडी अंगठा' असं नाव काढलं आणि बायकोला, फुमिएबाईंना, जाऊन सांगितलं. शेवट दाखवू का म्हटलं तर म्हणायचे, "छे छे! मी माझ्या पायांनी पोचणार तिथे."

आता लाजिरवाणी गोष्ट सांगते. चिपमधली जागा संपली होती. बेडकानं पापणी लववलीच पाहिजे, असा हट्ट मी धरून बसले होते. साहेबांनी यादी पाहिली आणि शेवटचं नाव, नुकादासानचं, उडवलं.

"ते कुठे पोचताहेत तिथवर!" ते म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसले, मेली. पुढच्या प्रत्येक खेळाला तीच यादी उचलून चिकटवली जायची. सात खेळ झाले, लोखंडी अंगठा एकातही नाही. आणि सांगायला कुणाची जीभ रेटेना.

त्र्याण्णवला नुकादासान साठीचे झाले, निवृत्त झाले. आणि मालकांनी, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, निरोपाला कन्सोल आणि तो बेडूक भेट दिला!

मग दर सोमवारी फोन. "तिखट आजी, पाचवं तळं!" "आजी, सहावं!" इकडे साहेबांना घाम फुटायचा. एकदा त्यांनी हळूच सांगूनही पाहिलं, "नुकादासान, या वयात डोळ्यांना त्रास होतो हो." तिकडून उत्तर आलं, "नवा चष्मा केलाय!" फेब्रुवारीत निरोप आला: रविवारी दोघं या, तुमच्यासमोर संपवतो.

आम्ही गेलो, सुतकी चेहऱ्यानं. संत्री सोलली, चहा झाला. नुकादासान पाय पोटाशी घेऊन टीव्हीसमोर बसले. मी कपबश्या घेऊन आत गेले, तर फुमिएबाई कुजबुजल्या, "कशाला एवढा थाट करताहेत कोण जाणे. या आठवड्यात तीनदा संपवलाय की. संपला की चष्मा लावून सगळी नावं वाचतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला काही बघू देत नाहीत."

कपबश्या तिथेच टाकून मी बाहेर धावले.

बाहेर बेडूक शेवटच्या तळ्यात होता. चंद्र दोन उड्यांवर. नुकादासाननी बटण दाबलं आणि बेडूक थेट सापाच्या तोंडात गेला.

"अरेरे! मेलो की," ते हसले. "नाही जमत बुवा. हात सुधारण्यातले नाहीत, म्हटलं होतं ना."

साहेब हसले नाहीत. "नुकादासान, आठ वर्षं मी तुमची मरणं मोजली. तुम्ही नेहमी उशिरा उडी मारून मेलात. आज लवकर मारलीत."

मग साहेबांनी जमिनीला कपाळ टेकलं. त्यांच्यामागे मीही टेकलं आणि त्या पापणीची गोष्ट सांगून टाकली.

"उठा हो," नुकादासान गडबडले. "पापणी छान आहे. मी तिथे थांबून बघतो नेहमी." मग म्हणाले, "वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? फुमिएला काय दाखवणार होतो मी?"

विभागाचा आठवा खेळ, पुन्हा त्याच बेडकाचा, तेव्हा अर्धा झाला होता. पुढे विभागच गुंडाळला, म्हणून तोच शेवटचा. साहेबांनी त्याचं शेवटचं तळंसुद्धा दहा मरणांच्या कायद्यात आणलं. मालकांशी कडाकडा भांडले. टोपणनावांच्या त्या यादीत सर्वांत वर एकच खरं, अख्खं नाव बसलं: नुकादा शिगेझो. त्यासाठी मी एक अख्खा ढग पुसला आणि वर हूं की चूं केलं नाही.

खेळ दुकानात आला त्या रविवारी फोन आला.

"आजी, पोचलो! शेवटच्या तळ्यात नऊ वेळा मेलो. दहाव्यांदा मरता मरता वाचलो."

"नाव वाचलंत?"

"वाचलं." आवाज जरा ओला होता. मग एकदम करवादले, "पण ही बया नेमकी तेव्हा चहा ठेवायला गेली! तिला दिसलंच नाही. आता बसवलीय शेजारी, हलू देत नाही. ठेवा फोन, मला पुन्हा पहिल्यापासून मरायचंय."