तबकडीला वेगळा नंबर

ज्यांच्यामुळे मी शिकलो ते सुपडू नाना फोनवर होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्याकडे काही मागत होते.

"भास्कर, दोन दिवस येशीन का? साहेब म्हनते, मी पुस्तकायची संख्या फुगवली."

मी धुळ्याला एका कॉलेजमध्ये ग्रंथपाल आहे. नाना बोदवडजवळच्या आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल. आमच्या घरात रेशनकार्ड आणि कॅलेंडर सोडलं तर छापील कागद नव्हता. शाळा सुटली की मी वाचनालयाच्या ओट्यावर बसायचो. नानांनी एक दिवस आत बोलावलं आणि नंतर कधी बाहेर जा म्हटलं नाही. बी.ए. झाल्यावर ग्रंथालयशास्त्राचा कोर्स असतो हेसुद्धा त्यांनीच सांगितलं. माझ्या अर्जावर वडिलांनी सही कुठे करायची, ते त्यांनीच बोट ठेवून दाखवलं होतं. वडिलांना सही तेवढी येत होती.

फोनवर नानांनी प्रकार सांगितला. जिल्ह्याच्या कार्यालयातून नवे निरीक्षक तपासणीला आले होते. गावोगावच्या वाचनालयांना सरकार अ, ब, क, ड असे वर्ग देतं, आणि वर्गावर अनुदान ठरतं. प्रत्येक वर्गाला किमान अमुक इतकी पुस्तकं लागतात. आमचं वाचनालय 'ब' मध्ये होतं, पण त्या किमान आकड्याच्या थोडंसंच वर. साहेबांनी दाखल नोंदवही उघडली. दाखल नोंदवही म्हणजे लायब्ररीतली जन्मनोंद. पुस्तक आलं की त्याला एक नंबर मिळतो, आणि तो कायम त्याचाच राहतो. साहेबांना दिसलं की पुष्कळ पुस्तकांच्या नावापुढे लागोपाठ दोन नंबर आहेत. एक पुस्तकाचा, दुसरा त्याच्यासोबत आलेल्या तबकडीचा, म्हणजे सीडीचा.

"साहेबांनी काय लिहिलं?" मी विचारलं.

"अजून लिवलं नाई. मंगळवारी परत येऊन लिहिनार. वर्ग गेला तं जाऊ दे रे. पन माह्या नावापुढं 'खोटी संख्या' असं लिवू नको देऊ."

प्राचार्यांकडे रजा मागितली. "कोणी आजारी आहे का?" त्यांनी विचारलं. "वाचनालय आजारी आहे सर," मी म्हटलं. ते हसले आणि सही केली.

एसटीत बसल्यावर मात्र मला हसू येईना. कारण आम्हाला कोर्समध्ये जे शिकवलं होतं त्याप्रमाणे साहेब बरोबर होते. पुस्तकासोबत डिस्क, नकाशा, तक्ता असं काही आलं तर ते 'सोबतचं साहित्य'. त्याला वेगळं अस्तित्व नाही. पुस्तकाच्या नोंदीतच शेवटी 'सोबत एक डिस्क' असं लिहायचं. नंबर एकच. मी कॉलेजात इतकी वर्षं तेच करत आलो.

जळगावला गाडी धरून बोदवड स्टेशनला उतरलो, तिथून रिक्षा. वाचनालय होतं तसंच होतं. तीच लोखंडी कपाटं, तोच लांब बाक. त्या तबकड्या जेव्हा नव्याने यायला लागल्या तेव्हाचे दिवस मला आठवले. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून प्लास्टिकचा खिसा, त्यात चकचकीत तबकडी. पोरं पुस्तक न वाचता नुसती तबकडी उन्हात धरून भिंतीवर रंग पाडायची. बाया तिच्यात टिकली नीट करायच्या. नानांनी पहिल्या खेपेच्या तबकड्यांवर वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का मारला होता. नियम होता, प्रत्येक वस्तूवर शिक्का पाहिजे. छापील बाजू चित्रांनी भरलेली, म्हणून त्यांनी तो कोऱ्या दिसणाऱ्या चमकत्या बाजूवर मारला. तबकडी वाजेना. मग स्पिरिटचा बोळा घेऊन नाना आठवडाभर शिक्के पुसत बसले होते. त्यानंतर शिक्का पाकिटावर गेला. ती पाकिटं जाड कॅलेंडरच्या कागदाची, त्यांनी स्वतः चिकटवलेली. अजून कपाटात ओळीने उभी होती.

मी सरळ विचारलं. "नाना, दोन नंबर का दिले?"

"पुस्तक नेनारा वेगळा, तबकडी नेनारी वेगळी. मग नंबर एक कसा देऊ? एकाच नंबरची चिठ्ठी दोघायच्या नावावर कशी फाडू?"

"तबकडी एकटीच कोण नेतं?"

"द्वारका अक्काले इचार."

द्वारका अक्का आमच्या गल्लीतल्या. केळीच्या बागेत मजुरी करायच्या, आता वय झालं. अक्षरओळख नाही. गोष्टींच्या पुस्तकांसोबत ज्या तबकड्या यायच्या, त्यात त्याच गोष्टी कोणीतरी वाचून दाखवलेल्या असत. नानांनी त्या बायांना द्यायला सुरुवात केली. कापडाच्या दुकानवाल्या शेठजींनी एक डीव्हीडी प्लेअर दिला होता, तोही पिशवीत घालून घरोघर फिरायचा. कमिटीत तेव्हा वाद झाला होता म्हणे. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचनालयाचं सभासद कसं करायचं? नाना म्हणाले होते, वाचता येणाऱ्यांपैकी निम्मे वाचत नाहीत, त्यांची नावं आधी काढा. विषय तिथेच संपला.

आता मला धीर आला. एखादी वस्तू पुस्तकापासून सुटून स्वतंत्रपणे बाहेर जाते, परत येते, तिला मागणारा माणूस वेगळा आहे, तर ती नुसती सोबतची वस्तू राहत नाही. हे मी साहेबांपुढे मांडू शकत होतो.

मग मी पाकिटं एकेक काढून बघायला लागलो, आणि दुसरा पेच समोर आला. गोष्टींच्या तबकड्या साधारण निम्म्या. उरलेल्या सगळ्या कॉम्प्युटर शिकण्याच्या, स्पर्धा परीक्षांच्या, इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या. कितीतरींचं सील तसंच होतं. त्या कधी एकट्या बाहेर गेल्याच नव्हत्या. पुस्तकाशिवाय त्यांचा उपयोगही नव्हता. नंबर मात्र त्यांनाही वेगळे.

"नाना, ह्या कोण नेतं?"

"कोनी नाई."

"मग ह्यांना वेगळा नंबर?"

"एकदा रीत लागली का लागली. तबकडी आली, नंबर दिला."

"पुस्तक आणि ह्या मिळून एकच नंबर धरावा लागेल, नाना."

नानांनी चष्मा काढला. "म्हंजे साहेबाचं खरं?"

"निम्मं."

"साहेब म्हने फुगवली. तू म्हनतो चुकली. फरक काय रे?"

"फुगवली म्हणजे मुद्दाम केलं. चुकली म्हणजे चुकली."

"लोकायले तेवढा फरक समजते का?" त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग हळू आवाजात म्हणाले, "तू कॉलेजचा मानूस. तुह्या शब्दाले वजन हाये. सांगून दे ना साहेबाले, साऱ्याच वेगळ्या. तो काय एकेक पाकीट उघडून पाह्यनार?"

नानांनी मला इतकं दिलं होतं, आणि मागत होते फक्त एक वाक्य. मी म्हटलं, "नाना, मला ते म्हणता येणार नाही."

"का?"

"वस्तू बघायची, ती काय आहे ते ठरवायचं आणि तेवढंच लिहायचं. हे मी तुमच्याकडेच बघून शिकलो."

नानांनी पाकिटं कपाटात ठेवली. किल्ली फिरवली, वाचनालय बंद केलं. गावी गेलो की नानांकडे कळण्याची भाकरी ठरलेली. त्या दिवशी त्यांनी जेवायला ये म्हटलं नाही. मी घरी गेलो. आईने विचारलं, नाना काय म्हणाले? मी म्हटलं, ताट वाढ.

सकाळी आधी द्वारका अक्कांकडे गेलो. साहेब येणार आहेत, याल का, म्हणून विचारलं. मग वाचनालयात आलो. नाना माझ्या आधी येऊन बसले होते. समोर नोंदवही, हातात लाल पेन. कधी एकट्या बाहेर न गेलेल्या तबकड्यांचे नंबर ते एकेक करून रद्द करत होते. प्रत्येकापुढे लिहीत होते, 'पुस्तकासोबत एक तबकडी'. खाली सही.

"नाना, हे सगळं खोडलं तर आपण 'ब' च्या खाली जातो."

"मोजलं मी," ते म्हणाले. "तू तिकून वाच, मी लिवतो. हात दुखू राह्यला."

मी वाचत गेलो, ते खोडत गेले.

साहेब दुपारी आले. तरुण होते, बोलायला सभ्य. नानांनी ओळख करून दिली तसं ते म्हणाले, "तुम्ही याच क्षेत्रातले, बरं झालं. मग सांगा, पुस्तक आणि डिस्क, एक की दोन?"

"काही एक, काही दोन," मी म्हटलं.

"असं कसं?"

मी लाल शाईने रद्द केलेले नंबर दाखवले. ह्या तबकड्या पुस्तकाचाच भाग, नोंद चुकली होती, दुरुस्त केली. मग गोष्टींच्या तबकड्यांचं कपाट दाखवलं. "ह्यांची देवघेव पुस्तकाशिवाय होते. सभासद वेगळे आहेत."

"पुस्तक सोडून नुसती डिस्क कोण नेतं? आणि आजच्या काळात?"

अक्का दाराशी पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या. "मी नेतो ना."

"आजी, पुस्तक नाही नेत?"

"वाचता आलं असतं तं तबकडी कशाले नेली असती, बापा? तुमी साहेब हाय, आन् एवढं समजत नाई?"

साहेब हसले. "ऐकलेली सांगा बरं एखादी."

अक्कांनी बैठक मारली. एका शिपायाची गोष्ट, आवाज बदलून, मध्ये थांबून, वाचणाऱ्याने जिथे श्वास घेतला तिथे श्वास घेऊन. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडून दिलं. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, "किती वेळा ऐकली?"

"प्लेअर खरखरते तरी ऐकतो. आता ही मधीच अटकते. शेवट मीच म्हनतो."

साहेबांनी शेरा लिहिला. नानांना मोठ्याने वाचून दाखवला. स्वतंत्र देवघेव असलेल्या तबकड्यांची वेगळी नोंद मान्य. इतर नोंदी ग्रंथपालांनी स्वतः दुरुस्त केल्या आहेत. 'खोटी' हा शब्द कुठेच नव्हता. नानांनी तो कागद पुन्हा स्वतः वाचला, एकेका ओळीखाली बोट फिरवत.

पण आकडा तो आकडा. संख्या किमान मर्यादेच्या खाली गेली होती. पुढे कार्यालयाचं पत्र आलं आणि वाचनालय 'ब' मधून 'क' मध्ये गेलं. दोन मासिकं बंद करावी लागली. कमिटीतल्या एकाने मला फोन करून सुनावलं, "शिकलास म्हणून गावाचं वाचनालय खाली आणलंस का रे?" मी ऐकून घेतलं.

ह्या प्रकरणातून मी एवढंच शिकलो. टेबलावर ठेवलेली वस्तू नुसती बघून तिची नोंद पूर्ण होत नाही. ती कोण नेतं, कशासाठी नेतं, हे विचारावं लागतं. आणि विचारल्यावर जे उत्तर येईल ते आपल्या सोयीचं नसलं तरी लिहावं लागतं. कॉलेजातल्या कपाटात अडकून पडलेल्या डिस्क मी त्यानंतर बाहेर काढल्या. इंग्रजीच्या मुली उच्चार ऐकायला त्या नेतात. त्यांना आता वेगळे नंबर आहेत. कॉम्प्युटरच्या डिस्क पुस्तकाच्या खिशातच आहेत, कोणी विचारत नाही.

नानांशी त्या दिवसानंतर फोनवर बोलणं झालं, पण तुटक. म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं.

ती. नाना यांस सा. न.

वर्ग गेला त्याचं वाईट वाटतं, आणि तो माझ्या बोलण्याने गेला हेही मी विसरलेलो नाही. तुम्ही रागावला असाल तर तो राग रास्त आहे. तरी तुम्ही सकाळी उठून स्वतः पेन हातात घेतलंत. तुम्ही नसतं घेतलं तर मी साहेबांसमोर काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.

अक्कांच्या तबकड्या मी त्या खेपेला परतताना इथे आणल्या होत्या. आपल्याकडच्या उन्हाने बऱ्याच खराब झाल्यात. मी प्रकाशकांना विचारलं, वाचनालयापुरती प्रत करू का. एकाने लगेच हो म्हटलं, एकाने तीनदा फोन केल्यावर. ज्या वाजल्या त्या सगळ्या एका पेनड्राइव्हवर घेतल्यात. सोबत लहान स्पीकर आहे, त्यात तो थेट लागतो. शिपायाच्या गोष्टीचा शेवट मात्र मिळाला नाही. तबकडी तिथे पूर्ण गेलीय. तेव्हा तेवढा शेवट अक्कांच्या आवाजात भरून घ्यावा असं माझ्या मनात आहे. मी दिवाळीला येतोच आहे, तेव्हा करू. त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी लाजतील.

एक अडचण तुम्हीच सोडवा. वस्तू एक आहे, आत गोष्टी पुष्कळ आहेत, आणि एक शेवट आपल्या गावचा आहे. नंबर किती द्यायचे? आमच्या कोर्समध्ये ह्याचं उत्तर होतं की नव्हतं, मला आठवत नाही. तुम्ही जे ठरवाल ते मी इथेही लावीन.

दिवाळीत जेवायला येऊ का?

तुमचा
भास्कर