चार बोटं माया

मास्तरांच्या दुकानात जाऊन कुणी "टेपनं माप घ्या की" म्हणालं, की मास्तर दुखावलेच समजा. टेप गळ्यात असायची, पण शोभेपुरती. गिऱ्हाईक आत पाऊल टाकेपर्यंत त्याची छाती, कंबर, बाही मास्तरांच्या डोळ्यांनी टिपलेली असे. "नजर लागते," ते म्हणत, आणि ऐकायला कुणी नसलं तर स्वतःलाच ऐकवत.

दुसरी मिजास शिवणीची. पुढं अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर ती ठेवत नसत. ज्यांना आपल्या मापाचा भरवसा नाही त्यांनी ठेवावी माया! वर्षभरानं तोच कपडा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ते बेधडक सांगायचे, "कपडा बरोबर आहे, तुम्ही वाढलात." स्वतःच्या कोटात मात्र चार बोटं ठेवलेली होती. पोटाचं काही सांगता येत नाही म्हणून.

मूल नव्हतं. तान्ह्या बाळामागं धावायचं आपलं वय उलटलं, असं मास्तरीणबाईंनीच एक दिवस जाहीर केलं आणि परदेशातल्या एका अनाथालयातून थोडं मोठं मूल दत्तक घ्यायचं ठरलं. तिकडून फोटो आला. नऊ वर्षांची मुलगी दाराला टेकून उभी. मास्तरांनी दाराच्या कडीवरून तिची उंची काढली, खांद्यांचा अंदाज घेतला आणि दोन दिवसांत निळा फ्रॉक शिवून तयार.

"अहो, वाढत्या अंगाची पोर आहे. थोडी माया ठेवा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"माझ्या शिवणीला माया लागत नाही," मास्तर म्हणाले. काय ते वाक्य! पुढं आयुष्यभर हे वाक्य आठवलं की ते स्वतःच स्वतःचा कान पिळत.

कागदपत्रांना दोन वर्षं लागली. फ्रॉक कपाटात, फोटो भिंतीवर. कागद पुढं सरकत नाहीत म्हणजे पोरही नऊ वर्षांची थांबून राहिली असेल, असं काहीतरी मास्तरांच्या डोक्यात बसलं होतं. जायचा दिवस आला तेव्हा ते कोट घालून निघाले, मास्तरीणबाईंनी फ्रॉक पिशवीत घेतला. विमानतळावर गळ्यातल्या टेपच्या पत्र्यानं यंत्र किंचाळलं, आणि खिशातली कात्री तर तिथल्या माणसानं ठेवूनच घेतली. "शिंपी आहे हो मी!" असं मास्तर तीनदा म्हणाले. त्याचा कुणावर काही परिणाम झाला नाही.

अनाथालयाच्या बैठकीच्या खोलीत एक दुभाषी बाई होत्या. आपली भाषा त्या पुस्तकातून शिकलेल्या. "आपण आसनस्थ व्हावे," त्या म्हणाल्या आणि मास्तर घाबरून बसले. तेवढ्यात मुलगी आली. अकरा वर्षांची. मास्तरांच्या कानाला लागेल एवढी. मास्तर तिच्या मागं पाहत राहिले, छोटी अजून यायचीय म्हणून!

पोर शहाणी. मान राखायचा म्हणून तिनं अंगातल्या कपड्यांवरूनच फ्रॉक डोक्यात घातला. हात वर गेले, ते वरच राहिले. मास्तरीणबाईंनी खालून ओढलं आणि काखेत टर्रकन उसवलं. आतून ती काहीतरी बोलली.

"ही बालिका म्हणते," दुभाषी बाई हळूच म्हणाल्या, "की आपण कोणा लहान मुलीस न्यावयास आला आहात. ती मी नव्हे."

परवा दत्तकाच्या मंजुरीसाठी अधिकाऱ्यापुढं जायचं होतं. दहा वर्षांवरच्या मुलाला तिथं स्वतःलाच विचारतात, जायचंय का म्हणून. ती नाही म्हणाली की संपलं. आणि तिनं नाही का म्हणू नये? दोन वर्षं तिची वाट पाहिली म्हणतात आणि येताना दुसरीचाच फ्रॉक घेऊन येतात!

"सांगा तिला," मास्तर कसेबसे म्हणाले, "गाढव आहे मी. फोटोवरून माप घेतलं. आता नीट घेतो, ती म्हणाली तर."

दुभाषी बाईंनी गाढवासकट सांगितलं असावं, कारण मुलीनं पहिल्यांदाच मास्तरांकडं सरळ पाहिलं. मग दोन्ही हात पसरून उभी राहिली. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. खांद्याचं माप दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा घेतलं. मास्तरीणबाई आकडे लिहून घेत होत्या.

"आणि माया?" त्यांनी विचारलं.

"चार बोटं," मास्तर म्हणाले. "दोन्हीकडं."

तो शब्द मुलीनं पकडला आणि दुभाषी बाईंना काहीतरी विचारलं. त्यांनी बराच वेळ समजावलं. "माया म्हणजे काय, असे तिने विचारले," त्या मास्तरांना म्हणाल्या. "मी सांगितले, हे गृहस्थ दोन्ही बाजूंस चार बोटे प्रेम ठेवणार आहेत."

"अहो, तसं नाही, माया म्हणजे शिवणीतलं..." मास्तर दुरुस्त करायला गेले. मास्तरीणबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

मुलीनं विचार केला. मग आपली चार बोटं समोर धरून पाहिली आणि नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्या हाताची दोन बोटं शेजारी लावली. "ती अजून वाढणार आहे," दुभाषी बाई म्हणाल्या. "चार पुरावयाची नाहीत, असे तिचे म्हणणे आहे."

सहा बोटं! एवढी माया कोण ठेवतं? शिवण फुगेल, कडा उभ्या राहतील, कुणी शिंपी बघेल तर हसेल. आणि कापड तरी कुठून आणायचं? दुसऱ्या दिवशी मास्तरांनी अनाथालयाच्या स्वयंपाकघरातून कात्री मागून आणली, फ्रॉक उसवला आणि आपल्या कोटाची अख्खी पाठ कापून काढली. त्या काळ्या कापडाच्या पट्ट्या त्यांनी निळ्या फ्रॉकच्या दोन्ही अंगांना आत माया दुमडून जोडल्या, खाली घेर लावला. हातशिलाई, वेडीवाकडी. एवढं वाईट काम त्यांनी शिकाऊ असतानाही केलं नव्हतं.

अधिकाऱ्यापुढं मास्तर नुसत्या शर्टात बसले होते. मुलगी काळानिळा फ्रॉक घालून आली. अधिकाऱ्यानं प्रश्न विचारला. दुभाषी बाईंना सांगायची गरज नव्हती, मास्तरांना कळलाच.

मुलीनं खाली वाकून फ्रॉकची कड उलटी केली, शिवण हाताशी धरली आणि बोटं लावून मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. मास्तरही मनात मोजत होते. पाच. सहा. मग तिनं दुसरी बाजूही मोजली, अगदी तशीच, सावकाश.

मग कड नीट खाली सोडली आणि अधिकाऱ्याला म्हणाली, "हो."