स्वल्प

चामराजपेटेत पँट आखूड करून घ्यायला गेलो, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या बाई मशीन थांबवून मोबाइलवर एक शब्द बोलून नोंदवत होत्या. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या त्यांच्या घरच्या मराठीतला एकेक शब्द त्या रोज एका फुकट वेबसाइटवर स्वतःच्या आवाजात नोंदवत आणि सोशल मीडियावर टाकत. आवाज ओळखीचा निघाला; त्यांचे ते संदेश मी ऐकले होते. ‘स्वल्प’, म्हणजे थोडं, या शब्दाच्या संदेशाखाली “हे कानडी आहे, आधी मराठी शिका,” असं मीच लिहिलं होतं.

“अक्का, ते लिहिणारा मी,” मी कसंबसं म्हणालो.

त्यांनी दातांनी दोरा तोडला. “तुम्ही होय? मग तुमच्या स्वल्पविरामात काय आहे, अण्णा?”

मी पँट मशीनवर ठेवली.

“माझी पोरं घरात मराठी बोलत नाहीत. तुम्ही नावं ठेवलीत म्हणून मीही थांबले, तर आमचं बोलणं उरेल कुठं?” त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “लिहिलंत ना? आता तोंडानं सांगा. नोंदवायला तीस सेकंद मिळतात.”

“अक्कांचं बरोबर आहे. चूक माझी,” एवढंच मला बोलता आलं. उरलेल्या सेकंदांच्या शांततेसकट त्यांनी ते ‘स्वल्प’च्या संदेशाखाली टाकलं.