पान तीनशे सतरा

माझी मावशी मेडिकल कॉलेजात टायपिस्ट होती. बोटं अशी चालायची की मोठे डॉक्टर म्हणायचे, "बाई, मशीनला जरा दम खाऊ द्या!" चूक दाखवा आणि चहा मिळवा, ही तिची पैज. चहा कुणालाच मिळाला नाही.

माझी चिमी दिवस भरायच्या आधीच जन्मली. ताप आला म्हणून औषध दिलं. ताप गेला, कानही गेले. मी दवाखान्यात आकाशपाताळ एक केलं, तर त्यांनी माझ्या हातात एक लेख कोंबला. औषध अशक्त बाळांनाही सुरक्षित, म्हणे! खाली आधार म्हणून एक जुना लेख दिलेला, पान ३१७.

मावशीनं तो कागद पाहिला आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं. "अगं, ही चूक माझी आहे. पान ३७१ हवं. मोठ्या डॉक्टरांच्या लेखात मीच आकडे उलटे मारले. छापून आल्यावर दिसलं, पण लाजेपायी गप्प बसले."

आम्ही कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन तो जुना खंड काढला. पान ३१७वर दवाखान्याच्या चादरी कशा उकळाव्यात ते होतं. ३७१वर कुणा डॉक्टरीणबाईंचा लेख. चाळीस बाळांचा ताप उतरला. अगदी शेवटी दोन ओळी: तिघांना ऐकू येईनासं झालं, अशक्त बाळांना हे औषध देऊ नये.

मोठ्या डॉक्टरांनी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं. आम्ही पुढचे खंड चाळले, तर बत्तीस लेखांनी त्यांचंच वाक्य उचललेलं, चुकीच्या पानासकट. बत्तीस दीडशहाणे! एकानं तरी पान उघडलं असतं, तर चादरी दिसल्या नसत्या का?

मोठ्या डॉक्टरांचा लेख ज्या मासिकात छापून आला होता, त्याला मावशीनं पत्रामागून पत्रं धाडली, त्या दोन ओळी जोडून. "निदान पुढचं बाळ तरी वाचू दे," म्हणायची. भाजी निवडतानाही तिची बोटं ताटाच्या काठावर वाजायची. तीन, सात, एक. समोर बसलेली चिमी ती बोटं टक लावून बघायची. मला ते बघवत नसे.

चार वर्षांनी मासिकाचा अंक आला. कोपऱ्यात शुद्धिपत्र होतं: 'पान ३१७ऐवजी ३७१ वाचावे. जागरूक वाचकाचे आभार.' बस्स, एवढंच.

त्याच अंकात त्या औषधावर नवा लेख होता. अशक्त बाळांना सुरक्षित. आधार, पान ३७१.

मावशीनं अंक मिटला. "आता चूकसुद्धा सापडायची नाही गं कुणाला," ती म्हणाली.