कुशीवर निजवलेलं घड्याळ

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर एक घड्याळ होतं, आणि ते चाराला वीस मिनिटं कमी असताना बंद पडलेलं होतं. कधी पडलं, ते कुणालाच सांगता यायचं नाही. माझा अंदाज असा की इंग्रज जाताना घाईघाईत त्याची चावी खिशात घालून घेऊन गेला. त्यामुळे भिवंडीतल्या त्या सरकारी खोलीत वेळ नावाची वस्तू एकाच जागी मिळायची, हेडक्लार्कच्या डाव्या मनगटावर. ऑफिस उघडायचं त्या मनगटावर, सुटायचं त्या मनगटावर, आणि मी जगायचो-मरायचो तेही त्याच मनगटावर.

हेडक्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणत. मीही म्हणायचो. मनात जे म्हणायचो ते इथे लिहिलं तर कागद करपेल. तीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने प्रत्येक कागदावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला आणि चर्चा एकदाही केली नाही. अक्कल बेताची, आवाज मात्र असा की ते शिंकले तर समोरच्या गल्लीतले लूमवाले धागा तुटला समजून मशीन थांबवायचे. एकच गोष्ट त्यांना येते असा त्यांचा समज होता, ती म्हणजे घड्याळ निजवणं.

हो, निजवणं. चावीचं घड्याळ होतं ते, सासऱ्याने लग्नात दिलेलं. त्याच्या झोपेवर भाऊसाहेब रोज चहाच्या वेळी प्रवचन द्यायचे.

“सकाळी ठरल्या वेळी चावी. एकवीस फेरे. बाविसावा दिलात की स्प्रिंग नाराज. रात्री फ्लॅनेलची चौपदरी घडी, तिच्यावर घड्याळ, पाठीवर, तोंड वर. माणसाने आणि घड्याळाने उताणंच झोपावं. आणि वेळ लावायची फक्त रविवारी, रेडिओवर. रोज काटे फिरवणारा माणूस चारित्र्याचा नसतो.”

आता हे चारित्र्यवान घड्याळ रोज दीड मिनिट पुढे जायचं. सोमवारी दीड, मंगळवारी तीन, असं करत शनिवारी ते जगाच्या नऊ मिनिटं पुढे असायचं. मी पूर्ण्याहून एस.टी.ने यायचो आणि खऱ्या दहा सव्वीसला ऑफिसच्या पायरीवर पाय ठेवायचो. ऑफिस साडेदहाचं. म्हणजे सोमवारी-मंगळवारी मी वक्तशीर कर्मचारी, बुधवारी काठावर, आणि गुरुवारपासून कामचुकार. तोच मी, तीच गाडी, तीच पायरी.

कुणी म्हणेल, आधीच्या गाडीने यावं. यावं ना! आधीची गाडी ठाण्याहून कशेळीपर्यंतच इतकी भरायची की पूर्ण्याला ड्रायव्हर ब्रेकऐवजी हॉर्नवर पाय देतो की काय असं वाटायचं. स्टॉपवरचे म्हातारे मला पाहून आधीच सांगायचे, “बस रे खाली. ती थांबाची न्हाय.” ती थांबायची नाही. एकदा मी तिच्यामागे असा पळालो की मीच तिच्या पुढे गेलो, पण तेव्हाही तिने मला घेतलं नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी तेव्हा तात्पुरता होतो. तात्पुरता म्हणजे, दर सहा महिन्यांनी मला एक दिवस नोकरीवरून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचे. सरकारदरबारी माझे सात जन्म तिथेच झाले. आठव्या खेपेला मात्र कायम करण्याचा कागद निघाला. त्यावर भाऊसाहेबांची शिफारस लागणार होती. त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं आणि हजेरीपट उघडून लाल शाईचे ठिपके दाखवले.

“हे काय आहे?”

“लेटमार्क, भाऊसाहेब.”

“गोवर झालाय तुझ्या नावाला. महिनाभर बघतो. तीन ठिपके लागले की तुझा कागद या टेबलावरून हलणार नाही. मग बस गावाला भात लावत.”

आमच्या घरात ऑफिसात बसून पगार घेणारा मी पहिला. आई गावभर सांगत फिरायची की पोरगा साहेब झाला. त्या पोराची साहेबी एका म्हाताऱ्या स्प्रिंगला टांगलेली होती, आणि तीन ठिपके म्हणजे भाऊसाहेबांच्या हिशेबाने एकच आठवडा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

‘भाऊसाहेब, तुमचं घड्याळ पुढे आहे’ असं सांगता आलं नसतं का? एका शिपायाने पूर्वी सांगितलं होतं. तो अजून रेकॉर्डरूममध्ये उंदरांशी बोलत बसलेला असायचा.

म्हणून मी निजामपुऱ्यातल्या घड्याळवाल्याकडे गेलो. दोन दुकानांच्या फटीत काचेची पेटी आणि तिच्यामागे चाचा, डोळ्याला भिंग. इतकी वर्षं ते भिंग लावलं होतं की मला वाटतं ते त्यांच्या चेहऱ्याला मुळं धरून बसलं होतं. मी सगळी हकीकत सांगितली. चाचा हसले.

“रात को चित सुलाते हैं?”

“एकदम चित. फ्लॅनेलवर.”

“तो दौड़ेगी ही. चित लेटी तो अंदर का चक्कर एक नोक पे घूमता है, हल्का. करवट लेटी, चाबी ऊपर, तो दोनों तरफ घिसता है, सुस्ताती है. और उनकी घड़ी का तेल कब का सूख गया होगा, तो फर्क भी ज्यादा. मेरे पास लाओ, सफाई कर दूँ.”

“चाचा, ते घड्याळ ते बायकोच्या हातात देत नाहीत.”

“तो फिर करवट सुलवाओ. इलाज मुफ्त है.”

बाहेर पडलो तेव्हा माझ्याकडे जगातलं सगळ्यात मोठं शास्त्र होतं आणि ते ऐकवायला जगातलं सगळ्यात बंद डोकं. तात्पुरत्या माणसाची सूचना भाऊसाहेबांनी घेतली असती तर सूर्य पूर्व सोडून कशेळीच्या खाडीतून वर आला असता. पण या माणसाला एक जागा होती जिथे बोट लावलं की तो विरघळायचा: मोठे लोक काय करतात.

दुसऱ्या दिवशी प्रवचन सुरू झाल्यावर मी शेजारच्या टायपिस्ट बाईंना ऐकू जाईल, म्हणजे भाऊसाहेबांना नक्की ऐकू जाईल, अशा आवाजात म्हणालो, “माझा मामा मुंबईला एका बड्या साहेबांकडे आहे. साहेबांची सतरा घड्याळं. सगळी कुशीवर निजवतात, चावी वर करून. उताणं म्हणे फक्त हलकं घड्याळ ठेवतात.”

साहेब खोटा, सतरा घड्याळं खोटी. मामा तेवढा खरा, पण तो मुंबईला नव्हता आणि त्याच्याकडे घड्याळही नव्हतं.

भाऊसाहेबांचा कप हवेत थांबला. “कोण म्हणतं नवीन आहे हे? मला कधीचं माहीत आहे. मी मुद्दाम बोलत नव्हतो. सगळ्यांना झेपत नाही ते.”

झालं, असं वाटलं. पण गुरुवारी मला ठिपका लागला. घड्याळ पूर्वीसारखंच धावत होतं. म्हणजे चाचा तरी चुकले, किंवा हा माणूस ऐकून सवरून उताणाच राहिला होता. शुक्रवारी दुसरा ठिपका लागला. शनिवारी मी ताप आल्याचा अर्ज पाठवला आणि घरी बसलो. तापही आला, भीतीने.

सोमवारी संध्याकाळी भाऊसाहेबांनी मला त्यांच्या घरी फायली पोचवायला सांगितल्या, आणि तिथे मला उलगडा झाला. निजामपुऱ्यात त्यांच्या घराच्या उजव्या भिंतीला लूम, डाव्या भिंतीला लूम. घर थरथरत होतं. भिंतीवरचे फोटो सगळे एकाच बाजूला कललेले. वहिनींनी चहा ठेवला तर कपबशी टेबलावरून माझ्याकडे चालत आली. भाऊसाहेबांनी बोलता बोलता आपल्या बशीवर एक बोट दाबून ठेवलं होतं. वहिनींचं बोट त्यांच्या बशीवर. इतकी वर्षं त्या थरथरीत राहून त्यांना ती थरथर कळतच नव्हती, बोट मात्र आपोआप दाबलं जायचं. वहिनी सांगत होत्या की शुक्रवारी लूम बंद असतात त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही.

“बघ, कसं निजवतो,” म्हणत भाऊसाहेबांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि कोनाड्यात भिंतीला टेकवून कुशीवर, चावी वर करून उभं केलं. मी डोळे लावून बसलो. घड्याळ शहारलं. मग हळूहळू सरकायला लागलं, एक गिरकी घेतली, आणि फ्लॅनेलवर सपशेल उताणं पडलं. आम्ही तिघांनी ते पाहिलं.

“पडलं,” मी म्हणालो.

“पडलं नाही. त्याला जसं आवडतं तसं झोपतं ते.”

वहिनी पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “मग हे तरी कुठे उताणे झोपतात? लग्नापासून कुशीवर वळून माझ्या अंगावर घोरतायत.”

मी जिवाच्या करारावर तोंड उघडलं. “भाऊसाहेब, ते बडे साहेब वाटीत तांदूळ घेतात. त्यात घड्याळ कमरेपर्यंत रोवतात. हलतच नाही.”

“मी तेच म्हणणार होतो,” भाऊसाहेब म्हणाले. “पण रेशनचा तांदूळ नको. खडे असतात.”

दुसऱ्या दिवशी मी आमच्या शेतातला किलोभर बारीक तांदूळ, पाखडून, निवडून, त्यांच्या घरी पोचवला. आईने विचारलं कुणाला. मी म्हटलं, साहेबांच्या पाहुण्याला. पितळेची वाटी भरली आणि त्यात ते घड्याळ बाळंतिणीसारखं टेकून बसलं. वहिनी म्हणाल्या, “घड्याळाला बासमती आणि आम्हाला रेशनचा. पुढच्या जन्मी काटे लावून येते.”

त्या आठवड्यात लूम खडखडत राहिले, घर थरथरत राहिलं, आणि घड्याळ जागचं हललं नाही. दीड मिनिट पुढे जाणारं ते आता दीड मिनिट मागे पडायला लागलं. गुरुवारी मी आत गेलो, भाऊसाहेबांनी मनगट पाहिलं आणि लाल पेन खाली ठेवलं. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी तर मी वाटेत चहा पिऊन, पान खाऊन, एका माणसाला सिनेमाची गोष्ट सांगून आत गेलो, तरी साडेदहा व्हायचे होते.

फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. ऑफिस सुटायचंही त्याच मनगटावर. त्या शनिवारी खऱ्या साडेपाचला सगळे पिशव्या उचलून उभे राहिले आणि भाऊसाहेब म्हणाले, “बसा. नऊ मिनिटं आहेत.” टायपिस्ट बाईंची ठाण्याची गाडी गेली.

“काय झालंय या मेल्या घड्याळाला?” त्या मला म्हणाल्या. “आत्तापर्यंत बरं होतं. कुणी दृष्ट लावली?”

सगळ्यात मोठ्याने शिव्या मीच दिल्या. असं केलं की संशय येत नाही.

असे तीन आठवडे गेले. ठिपके दोनच. महिना संपायला चार दिवस होते, आणि तो शुक्रवार उजाडला.

शुक्रवारी घड्याळ जवळजवळ आठ मिनिटं मागे असायचं, हे मला आता पाठ होतं. म्हणून मी टपरीवर चहा घेतला आणि दहा छत्तीसला रमतगमत पायऱ्या चढलो. माझ्या मागोमाग, छाती काढून, भाऊसाहेब. आणि दारात जिल्ह्याहून अचानक आलेले मोठे साहेब, हातात आमचा हजेरीपट, मनगटावर नवंकोरं बॅटरीचं घड्याळ.

“हेडक्लार्क तुम्हीच ना? किती वाजले?”

“साडेदहाला एक मिनिट कमी आहे, साहेब.” भाऊसाहेबांनी मनगट पुढे केलं.

“माझ्यात दहा सदतीस. सकाळच्या बातम्यांना लावलंय.”

मला वाटलं, आता हा माणूस संपला. पण भाऊसाहेब ताठ. “साहेब, माझं घड्याळ चुकत नाही. बॅटरीवर पोसलेलं घड्याळ मी तरी वापरणार नाही.”

“आणि हा? हाही उशिरा?” साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

तिसरा ठिपका त्या बोटाच्या टोकावर होता. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मनगटाकडे. मी उशिरा आलो म्हणावं, तर आपण त्याहून उशिरा. मी उशिरा आलो म्हणावं, तर घड्याळ खोटं, आणि महिनाभराचा हजेरीपटही खोटा. बिचाऱ्याच्या कपाळावर विचार करण्याची सवय नसलेल्या जागी एक शीर फुगली.

“हा?” ते गरजले. “हा माझ्या हाताखालचा सर्वांत वक्तशीर कर्मचारी आहे, साहेब. याच्या येण्यावर मी घड्याळ लावून घ्यावं, असा.”

साहेबांनी हजेरीपट चाळला. त्या महिन्यातले माझे दोन ठिपके दिसले. “हे काय मग?”

“ते... शाई सांडली होती,” भाऊसाहेब म्हणाले.

साहेब हसले, भाऊसाहेबांना एक लाल ठिपका दिला, मला दिला नाही, आणि चहा न पिता निघून गेले. तीस वर्षांत तो भाऊसाहेबांचा पहिला ठिपका. ते त्याच्याकडे असे बघत बसले की जणू तो त्यांच्या कुंडलीत पडलाय.

पण बोलून गेले होते. सर्वांत वक्तशीर, साहेबांच्या तोंडावर. आता माझा कागद अडवायचा म्हणजे पुन्हा सगळं उकरून काढायचं. त्याच दुपारी त्यांनी शिफारस लिहिली. ‘चर्चा करावी’ नव्हतं त्यावर. लिहिलं होतं, माझ्या मार्गदर्शनाखाली वक्तशीर झाला.

दोन महिन्यांनी कायमची ऑर्डर आली. भाऊसाहेबांनी ती माझ्या हातात देताना मनगट थोपटलं. “या घड्याळाने तुला माणसात आणलं. विसरू नकोस.”

“विसरणं शक्य आहे का?” मी म्हणालो, आणि वाकून त्यांच्या पाया पडलो. असा माणूस तरी कुठला, ज्याच्या पाया पडताना इतकं हसू दाबावं लागतं.

आईला ऑर्डर वाचून दाखवली. तिने ती देवापुढे ठेवली. मग पुढच्या सोमवारपासून मी आठच्या सुमाराला उठायला लागलो आणि अकराला ऑफिसात जायला लागलो. भाऊसाहेब मनगट बघायचे, मला बघायचे, आणि पेन उघडून तसंच बंद करायचे. सर्वांत वक्तशीर माणसाला ठिपका द्यायचा कसा?