काकांच्या फोनातली नवी आवृत्ती

गोव्यातल्या हरमलची क्षमा पर्यटकांनी टाकून दिलेले जुने फोन साफ करून त्यांत स्वतः लिहिलेले एक हलके अ‍ॅप बसवायची. रेंज नसली तरी ते होडीला किनाऱ्याची दिशा दाखवी. गावातले काही मासेमार त्यावरच विसंबून असत. तिचे काका कृष्णनाथ त्यांतलेच एक.

डिसेंबरात एका संध्याकाळी तिने काकांच्या फोनात नवी आवृत्ती घातली. सकाळी काका समुद्रात गेल्यावर तिने घरातल्या तशाच जुन्या फोनवर ती चालू ठेवून पाहिली. थोड्या वेळाने स्क्रीन गोठली आणि फोन बंद पडला. पुन्हा केले, पुन्हा तेच. बाहेर धुके इतके दाट होते की दारासमोरचे माडही दिसत नव्हते.

ती किनाऱ्यावर धावली. काकांचा फोन लागेना. धुक्यातून एकेक होडी येई, पण काकांची नसे. शेजारी उभ्या, गावातल्याच कमलाक्षीकाकीने विचारले, "तुझां अ‍ॅप आसा मां, मगे भियातंस कित्याक?"

भीती त्या अ‍ॅपचीच होती; क्षमाने पुन्हा काकांचा नंबर लावला.

ऊन चढून धुके विरल्यावर काका आले. "फोन बंद पडलो गो," ते म्हणाले. "खडपांवर लाटा फुटताना आयकलंय, म्हणान थंयच नांगर टाकून बसलंय."

क्षमाने सगळे सांगितले. काकांनी फोन पुढे केला. "जुनांच घाल."

तिने जुने अ‍ॅप घातले, पण तेही समुद्रात बंद पडले तर, या विचाराने फोन त्यांच्या हाती द्यायला ती धजेना.