कोरी चिठ्ठी

नवापूरकडच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत रविवारची उपासना संपली की एक टोपली फिरते. प्रत्येकानं चिठ्ठीवर आपलं नाव आणि अडचण लिहून टाकायची, मग टोपलीतली एकेक चिठ्ठी उचलायची. ज्याची चिठ्ठी हाती येईल, त्याच्यासाठी आठवडाभर रोज गुडघे टेकायचे. ही पद्धत मीच सुरू केली. निवृत्त मास्तर आणि मंडळीचा वडील, म्हणजे प्रमुख, म्हणून चटयांच्या पुढे माझी एकट्याची खुर्ची असे. त्या खुर्चीत बसून 'प्रभूपुढे सगळे सारखे' यावर मी पाऊण तास सहज बोलायचो.

माझ्या चिठ्ठीवर मात्र मी फक्त नाव लिहायचो, खाली कोरं. मुलगा दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. पण चटयांवर बसणाऱ्या, कोंबड्यांच्या शेडमध्ये राबणाऱ्या लोकांनी माझ्या घरातलं का म्हणून वाचावं?

एका रविवारी मला चिठ्ठी आली ती अशाच शेडवर काम करणाऱ्या बाईची. नवऱ्याच्या पोटात गाठ, गुरुवारी ऑपरेशन. मी तिच्याकडे बघून मान हलवली, चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवली, 'देवा, सांभाळ' म्हटलं आणि साफ विसरलो. बुधवारी बायकोनं धुतलेल्या सदऱ्यातून कागदाचा लगदा काढून माझ्या हातावर ठेवला तेव्हा ती चिठ्ठी आठवली. तरीही गुडघे टेकले नाहीत. आता कुठल्या तोंडानं, असं स्वतःला सांगून टाळलं.

गुरुवारी सकाळी दवाखान्यातून तिचा फोन आला. "गुरुजी, या."

गेलो. नवरा स्ट्रेचरवर डोळे मिटून पडलेला. नर्स संमतीचा कागद आणि शाईचं पॅड घेऊन उभी. दोन दिवस ही बाई अंगठा द्यायला तयार नव्हती, कारण तिचा भाऊ असाच ऑपरेशनला गेला तो परत आला नव्हता. डॉक्टर बजावत होते, आणखी थांबाल तर माणूस हातचा जाईल.

तिचं माहेर तापीकाठचं, बोलणं अहिराणी. मला बघून तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "तुम्ही रोज प्रार्थना करी ऱ्हायनात ना, गुरुजी? मंग माले भेव नई." आणि तिनं अंगठा पॅडकडे नेला.

गप्प राहिलो तर ती माझ्या खोटेपणावर नवऱ्याला आत पाठवणार. खरं बोललो आणि तिनं हात मागे घेतला तर त्याचा जीव माझ्यामुळे जाणार. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

"बाई, मी नाही केली," मी म्हणालो. "एक दिवसही नाही. तुझी चिठ्ठी खिशात राहिली आणि धुण्यात गेली."

तिचा हात थांबला. नर्सनं घड्याळाकडे पाहिलं.

"आमनी चिठ्ठी धुई टाकी तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग स्ट्रेचरकडे बघत, "तुम्हनी चिठ्ठी माले उनी व्हती. लेकनी वाची. नाव शे, खाले काहीच लिखेल नही. मी रोज देवले सांगं, गुरुजीले जे सांगता येत नही, ते तुले ठाऊक शे."

मला मान वर करता येईना.

तिनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. "आते करा," म्हणाली. स्ट्रेचर आत गेलं, दार बंद झालं. ती दाराशी फरशीवर बसली. मीही शेजारी गुडघे टेकले. माझी ती सभेतली घोटलेली प्रार्थना आठवेचना. 'देवा, हा माणूस हिला परत दे' एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली, माणूस सुखरूप आहे, थोड्या वेळानं भेटा, म्हणाले. ती पदरात तोंड लपवून रडली. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली.

"ते काय व्हतं, गुरुजी? चिठ्ठीमा न लिखेल?"

"मुलगा," मी म्हणालो. "बोलत नाही माझ्याशी."

"नाव काय त्यानं?"

मी नाव सांगितलं. शाईनं माखलेला अंगठा तसाच ठेवून तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि माझ्या मुलाचं नाव देवापुढे घेतलं.